सैनिकाच्या घरापर्यंत मदत पोचवताना

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अनेक शाळांतली मुले सदऱ्यावर छोटा कागदी ध्वज लावून घरी येतात. त्याचे तीन पट्टे असतात. लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा आणि आकाशी हवाई दलाचा. घरचे दहा-वीस रुपये देतात आणि विषय तिथेच संपतो. ७ डिसेंबर हा दिवस १९४९ पासून सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. जिल्ह्याजिल्ह्यांना निधी संकलनाचे उद्दिष्ट मिळते, समारंभ होतो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. त्या पैशांचे पुढे काय होते, हे देणाऱ्याला फारसे ठाऊक नसते. ज्या घरासाठी ते गोळा होतात, त्या घरालाही अनेकदा ठाऊक नसते.

उत्तर ठोस आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने माजी सैनिकांसाठीच्या तीन अनुदानांची रक्कम दुप्पट केली. निवृत्तिवेतन नसलेल्या आणि उत्पन्नाचे साधन नसलेल्या, पासष्ट वर्षांवरील माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला महिना चार हजारांऐवजी आठ हजार रुपये मिळतात, तेही हयातभर. दोन मुलांपर्यंत, पहिलीपासून पदवीपर्यंत, प्रत्येक मुलामागे महिना हजाराऐवजी दोन हजार रुपये शिक्षणासाठी मिळतात. विधवा स्वतः दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करत असेल तर तिलाही. मुलीच्या लग्नासाठी, दोन मुलींपर्यंत, पन्नास हजारांऐवजी एक लाख. विधवेने पुन्हा लग्न केले तर तिलाही हे एक लाखाचे अनुदान आहे, ही गोष्ट खेड्यापाड्यांत आवर्जून सांगायला हवी. नवे दर १ नोव्हेंबर २०२५ पासून आलेल्या अर्जांना लागू झाले. यासाठी वर्षाला लागणारे सुमारे २५७ कोटी रुपये ध्वजदिन निधीतून यायचे आहेत. म्हणजे शाळेतल्या त्या दहा रुपयांना पत्ता आहे.

सैनिक असून निवृत्तिवेतन नाही, असे कसे, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. जवानाला निवृत्तिवेतनासाठी साधारण पंधरा वर्षांची सेवा लागते. त्याआधी काही कारणाने घरी परतलेला माणूस माजी सैनिक असतो, पण दर महिन्याला त्याच्या खात्यात काही जमा होत नाही. अशी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. कुणी वॉचमनची नोकरी करून थकले, कुणी मुलाच्या आधारावर आहेत. आठ हजार रुपयांचे हे अनुदान त्यांच्यासाठीच आहे आणि ते मागायला हवे. आपण होऊन ते कुणाच्या दारी येत नाही.

सगळी गोम इथेच आहे. सैनिकांसाठी निधी आहेत, योजना आहेत, माणसे द्यायला तयार आहेत. अडते ते शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे अर्ज, दाखला, मुदत आणि योग्य कार्यालय या चार गोष्टींपाशी. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात, जिथल्या ४६ जणांनी पहिल्या महायुद्धात प्राण दिले आणि जिथे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांतून सैन्यात जातात, तिथे हा शेवटचा टप्पा सोपा असतो. गावात कुणीतरी निवृत्त सुभेदार असतो, त्याला सेवा नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता पाठ असतो, कागद कुठला लागेल हे तो पारावर बसल्या बसल्या सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सैनिक टाकळीतही तेच. पण ज्या गावातून एकच मुलगा भरती झाला, किंवा जे कुटुंब मुंबईतल्या एखाद्या चाळीत एकटेच आहे, तिथे विचारायला कुणी नसते. खरी गरज तिथे आहे. तिथे कागद भरून देणारा एक माणूस हजारभर रुपयांच्या देणगीपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

एकाच घरासाठी अनेक दारे

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अग्निवीराचा सियाचेनमध्ये कर्तव्यावर असताना मृत्यू झाला. अग्निवीराच्या घराला काहीच मिळत नाही, अशी चर्चा समाजमाध्यमांवर सुरू झाली. तेव्हा लष्करानेच काय काय मिळते याचा तपशील जाहीर केला. ४८ लाखांचा विमा, ज्याचा हप्ता अग्निवीराला भरावा लागत नाही. ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान. सेवानिधीत त्याने भरलेली रक्कम, तेवढाच सरकारचा वाटा आणि व्याज. चार वर्षांच्या मुदतीपैकी उरलेल्या काळाचा पगार. शिवाय ‘आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंडा’तून आठ लाख आणि लष्करी अधिकारी-जवानांच्या पत्नींच्या संघटनेकडून, म्हणजे ‘आवा’कडून, तातडीची मदत म्हणून तीस हजार.

ही यादी नीट वाचली तर पैसे किती निरनिराळ्या ठिकाणांहून येतात हे दिसते. पहिले चार आकडे सरकारी हक्काचे आहेत. पाचवा नागरिकांच्या देणग्यांवर उभ्या असलेल्या निधीचा आहे. सहावा एका स्वयंसेवी संघटनेचा. आठ लाखांचा तो निधी कसा सुरू झाला, हेही सांगण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचेनमध्ये हिमकडा कोसळून दहा जवान गाडले गेले. लान्सनायक हणमंतप्पा अनेक दिवसांनी बर्फाखालून जिवंत सापडले, पुढे दिल्लीत त्यांचा मृत्यू झाला. त्या दिवसांत देशभरातून लोक विचारू लागले, या जवानांच्या घरच्यांना पैसे पाठवायचे तर कुठे पाठवायचे? त्यासाठी नेमके असे खातेच नव्हते. ते उघडले गेले, २०१७ मध्ये त्याचा रीतसर न्यास झाला, सुरुवातीची दोन लाखांची मदत पुढे आठ लाखांवर गेली. २०२२ पासून ‘माँ भारती के सपूत’ या नावाच्या संकेतस्थळावरून थेट या निधीत देणगी देता येते. लोकांनी विचारले म्हणून घडलेली ही गोष्ट आहे.

‘आवा’ त्याहून जुनी, १९६६ ची. नौदल आणि हवाई दलाच्या अशाच स्वतंत्र संघटना आहेत. ‘आवा’चे विशेष काम म्हणजे ‘आशा’ शाळा. सैनिकाच्या घरात दिव्यांग मूल असेल आणि दर दोन-तीन वर्षांनी बदली होत असेल, तर त्या मुलाच्या शिक्षणाचे आणि उपचारांचे काय हाल होतात हे वेगळे सांगायला नको. बदलीच्या नव्या ठाण्यावर ‘आशा’ शाळा आहे का, हे तिथल्या कुटुंब कल्याण केंद्रात आधीच विचारून घेता येते.

आता त्याच बुलढाणा जिल्ह्यातले दुसरे उदाहरण. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान मारले गेले. त्यात दोघे बुलढाणा जिल्ह्याचे होते. आपापल्या गावांनी त्यांना सैनिक म्हणूनच निरोप दिला आणि ते योग्यच झाले. पण मदतीच्या हिशेबात ते संरक्षण मंत्रालयाचे नव्हे, गृह मंत्रालयाचे. ध्वजदिन निधी, वरची तीन अनुदाने देणारे केंद्रीय सैनिक बोर्ड, आठ लाखांचा तो निधी यांतले काहीही त्यांच्या कुटुंबांसाठी नाही. सीआरपीएफ, बीएसएफ, आयटीबीपी, सीआयएसएफ, एसएसबी या दलांसाठी गृह मंत्रालयाचे स्वतंत्र कल्याण आणि पुनर्वसन मंडळ आहे. एप्रिल २०१७ मध्ये सुरू झालेली ‘भारत के वीर’ ही देणग्यांची व्यवस्था याच दलांची आहे. तिथे ठरावीक जवानाच्या वारसाच्या खात्यात थेट पैसे पाठवता येतात. एका कुटुंबासाठी पंधरा लाखांची मर्यादा आहे. ती गाठत आली की देणाऱ्याला तसे कळवले जाते आणि रक्कम दुसऱ्या घराकडे किंवा सामाईक निधीकडे वळवता येते. ही मर्यादा फार शहाणपणाची आहे. एखाद्या घटनेचा गाजावाजा झाला की मदतीचा पूर एकाच घराकडे जातो आणि त्याच महिन्यात गाजावाजा न झालेल्या मृत्यूचे घर कोरडे राहते.

गडचिरोलीत भूसुरुंगाच्या स्फोटात मरण पावलेला पोलीस शिपाई हे तिसरे दार. त्याचे घर राज्य पोलीस दलाच्या कल्याण निधीकडे जाते. तेव्हा मदत करायला निघालेल्याने पहिला प्रश्न विचारावा तो हा की, गणवेश कोणता होता? या एका प्रश्नाचे उत्तर चुकले तर विधवा बाई तालुक्याच्या गावाहून जिल्ह्याला, तिथून पुण्याला हेलपाटे घालते आणि प्रत्येक ठिकाणी ऐकते की हे आमच्याकडे नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी

भूदल, नौदल, हवाई दलाच्या बाबतीत सुरुवात करायची ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून. देशभरात अशी चारशेहून अधिक कार्यालये आहेत. महाराष्ट्रात ती राज्याच्या सैनिक कल्याण विभागाखाली येतात आणि विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे. माजी सैनिकाचे आणि विधवेचे ओळखपत्र तिथेच मिळते, केंद्रीय सैनिक बोर्डाच्या अनुदानांचे ऑनलाइन अर्ज तिथूनच तपासून पुढे जातात, मुलामुलींच्या वसतिगृहाची चौकशी तिथेच होते. सैनिकांच्या पाल्यांसाठी अनेक जिल्ह्यांच्या ठिकाणी चालणारी ही वसतिगृहे फार मोलाची आहेत. खेड्यातली वीरपत्नी मुलीला अकरावीला शहरात ठेवायला घाबरते, भाडे परवडत नाही, ओळखीचे कुणी नसते. वसतिगृह आहे एवढे कळले तरी एका मुलीचे शिक्षण पुढे सरकते. दहावीचा निकाल लागण्याआधीच चौकशी केलेली बरी.

शिक्षणाच्या बाबतीत आणखी एक मोठी सोय आहे, ती पंतप्रधान शिष्यवृत्ती. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी लोकांनी रोख रक्कम आणि दागिने देऊन राष्ट्रीय संरक्षण निधी उभा केला. बायांनी अंगावरचे सोने उतरवून दिले होते. तो निधी आजही आहे आणि २००६ पासून त्यातून ही शिष्यवृत्ती दिली जाते. माजी सैनिकांच्या आणि तटरक्षक दलातून निवृत्त झालेल्यांच्या मुलांना, तसेच विधवांना, अभियांत्रिकी, वैद्यकीय, व्यवस्थापन अशा व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांसाठी दरवर्षी ५,५०० शिष्यवृत्त्या असतात. निम्म्या मुलींसाठी, निम्म्या मुलांसाठी. मुलींना महिना तीन हजार, मुलांना अडीच हजार. बारावीला किंवा प्रवेशासाठी लागणाऱ्या किमान पात्रतेच्या परीक्षेला साठ टक्के तरी हवेत. निमलष्करी दलांच्या पाल्यांसाठी अशीच शिष्यवृत्ती गृह मंत्रालयाच्या मंडळाकडून मिळते. २०१९ पासून दहशतवादी किंवा नक्षलवादी हल्ल्यात मृत्यू पावलेल्या राज्य पोलिसांच्या मुलांसाठीही वर्षाला पाचशे जागा ठेवल्या आहेत.

साठ टक्के मिळवलेल्या मुलांनाही ही शिष्यवृत्ती न मिळण्याचे नेहमीचे कारण अगदी साधे असते. प्रवेश झाल्यावर घरचे फीच्या धावपळीत असतात आणि अर्जाची मुदत निघून जाते. महाविद्यालयाच्या कार्यालयाला सैनिकांच्या पाल्यांची वेगळी यादी ठेवायची सवय नसते. एखाद्या प्राध्यापकाने किंवा एनसीसी अधिकाऱ्याने प्रथम वर्षाच्या वर्गात एवढेच विचारले की कुणाचे आईवडील सैन्यात होते, तर दरवर्षी त्या महाविद्यालयातून चार-दोन अर्ज वाढतील.

युद्धात मृत्यू पावलेल्या, बेपत्ता झालेल्या किंवा कायमचे अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या मुलांचा शिक्षण शुल्काचा परतावा ही तर संरक्षण मंत्रालयाची १९७१ च्या युद्धानंतरची योजना. २०१७ मध्ये तिच्यावर महिना दहा हजारांची मर्यादा घातली गेली. मोठी नाराजी झाली आणि २०१८ मध्ये ती मर्यादा काढली गेली. म्हणून कुणी जुन्या माहितीवर ‘दहा हजारच मिळतात’ असे सांगत असेल तर पुन्हा विचारून घ्यावे. पुण्यात दिघी इथे लष्कराच्या शिक्षण संस्थेने १९९४ मध्ये सुरू केलेले अभियांत्रिकी महाविद्यालय केवळ लष्करी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आहे, हेही अनेक जवानांच्या घरी माहीत नसते. आपला मुलगा जेईईला बसतो आहे, तर या वाटेचाही विचार व्हायला हवा.

नाव तिसरेच

कागदपत्रांकडे वळताना एका अडचणीवर थोडे थांबायला हवे, कारण ती महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर आहे. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडे जुनी प्रथा. शाळेच्या दाखल्यावर ती सुनंदा असते, शिधापत्रिकेवर सासरचे नाव वैशाली, आधारवर कधी हे कधी ते, आणि नवऱ्याच्या सेवापुस्तकात त्याने भरती केंद्रावर तोंडी सांगितलेले, कारकुनाने इंग्रजीत आपल्या परीने लिहिलेले तिसरेच काहीतरी. तो हयात असेपर्यंत कुणाला त्याचे सोयरसुतक नसते. तो गेला की त्या तीन नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करण्यात वर्ष निघून जाते. मुलांच्या जन्मतारखांचेही तेच. शाळेत घालताना वाढवलेली तारीख आणि रुग्णालयातली तारीख जुळत नाही आणि शैक्षणिक अनुदानाचा अर्ज परत येतो.

याला उपाय जवान सुट्टीवर आला असतानाच करायचा. लग्न झाले, मूल झाले, की त्याची नोंद युनिटमार्फत सेवा नोंदीत करून घ्यायची असते. जवान तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ती झाली आहे का, बायकोचे नाव आधारवर आहे तसेच तिथे आहे का, वारस म्हणून कुणाची नोंद आहे, हे त्याला विचारावे. विमा, भविष्य निर्वाह निधी आणि बँक या तिन्ही ठिकाणचे वारसनामांकन वेगवेगळे असते. लग्नाआधी आईचे नाव घातलेले पुष्कळदा तसेच राहते आणि पुढे सासूसुनेत कटुता येते ती त्यातून. मृत्यूचा विषय घरात काढणे अवघड असते, हे खरे. पण या गोष्टी शांत दिवशी, दोघांनी मिळून, एका दुपारात होतात. नंतर त्याच गोष्टींसाठी एकट्या बाईला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, पोलीस पाटलाचा दाखला, रेकॉर्ड ऑफिसला पत्रामागून पत्र असा खटाटोप करावा लागतो.

रेकॉर्ड ऑफिस प्रत्येक रेजिमेंटचे वेगळे असते. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला. पत्रावर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि युनिट या चार गोष्टी असल्या की उत्तर येते. क्रमांक नसेल तर शोध घेणे कठीण जाते. म्हणून घरातल्या जुन्या ट्रंकेतले डिस्चार्ज बुक आणि निवृत्तिवेतनाचा आदेश, म्हणजे पीपीओ, यांची छायाप्रत काढून मुलाकडे किंवा सुनेकडे वेगळी ठेवावी. निवृत्तिवेतन आता ‘स्पर्श’ या ऑनलाइन प्रणालीतून येते आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो राहिला की पैसे थांबतात. गावातल्या सुविधा केंद्रात बोटाचा ठसा देऊन हे काम होते. पण ऐंशीच्या घरातल्या आजींना तिथे नेऊन आणणारे कुणीतरी हवे. बचतगटाने किंवा गणेश मंडळाने नोव्हेंबरातली एक सकाळ या कामाला द्यावी. यात देणगीचा प्रश्नच नाही.

पुण्यातली तीन नावे

अपंगत्व घेऊन परतलेल्या सैनिकाच्या पुनर्वसनात पुण्याचे स्थान देशात फार वरचे आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांना हातात काहीतरी हुन्नर असावा म्हणून १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि पुढे ती खडकीला आली. शंभर वर्षांहून जास्त काळ तिथे अपंग सैनिक तांत्रिक प्रशिक्षण घेत आहेत. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, पुण्यातच कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. तिथे सैनिकांबरोबर सामान्य नागरिकांनाही कृत्रिम हातपाय बसवले जातात. आणि १९७४ मध्ये खडकीत पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर सुरू झाले, ज्यांचा पाठीचा कणा दुखावून कमरेखालचे किंवा मानेखालचे अंग निकामी झाले आहे अशा सैनिकांसाठी. ते तिथे राहतात, व्हीलचेअरवर बसून खेळतात, काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. या केंद्राला ध्वजदिन निधीतून अनुदान मिळते, तरी समाजाच्या मदतीवरही ते अवलंबून आहे.

मूळचे सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंग झाले. पोहणे हा त्यांच्या उपचारांचा भाग होता. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पन्नास मीटर फ्रीस्टाइलमध्ये भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकले. पद्मश्री त्यांना मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे सेहेचाळीस वर्षांनी. जखमी सैनिकाला पदक, बातमी, सत्कार यांच्याही आधी जलतरण तलाव, व्यायाम शिकवणारा माणूस आणि पुढे हाताला काम लागते, हे त्यांच्या आयुष्यावरून दिसते. खडकीच्या केंद्राला भेट द्यायची असेल तर आधी विचारून जावे आणि काय हवे ते तिथल्याच लोकांना विचारावे. फळांच्या टोपल्या आणि शाली पुरेशा येतात. व्हीलचेअरचे सुटे भाग, वैद्यकीय वस्तू, संगणक शिकवणारा शिक्षक यांची विचारणा फार कमी होते.

याच शहरातले आणखी एक उदाहरण आहे. सुमेधा आणि योगेश चिथडे या दांपत्याने ‘सिर्फ’ ही संस्था काढली, स्वतःचे दागिने विकून सुरुवात केली आणि लोकांकडून निधी जमवून सियाचेन भागातल्या लष्करी रुग्णालयासाठी प्राणवायू तयार करणारा प्रकल्प उभारला. २०१९ मध्ये तो सुरू झाला. त्यांनी आधी लष्कराला काय हवे ते विचारले आणि मग तेवढ्या एकाच गोष्टीसाठी पैसे जमवले. म्हणून ते काम तडीस गेले.

पैसे देताना

देणगीदारांसाठी काही सूचना, कारण या क्षेत्रात भावना फार आणि फसवणूकही फार. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरला. लष्कराच्या आधुनिकीकरणासाठी, शस्त्रखरेदीसाठी सरकारने खाते उघडले आहे, रोज एक रुपया टाका. संरक्षण मंत्रालयाला खुलासा करावा लागला की असा निर्णय झालेला नाही आणि संदेशातली माहिती दिशाभूल करणारी आहे. असा मजकूर त्याआधीही अनेक वर्षे फिरत होता. शस्त्रास्त्रे अर्थसंकल्पातून घेतली जातात. नागरिकांच्या देणग्या असतात त्या कुटुंबांसाठी. संदेशातला खाते क्रमांक वापरू नये; केंद्रीय सैनिक बोर्ड, ‘माँ भारती के सपूत’ किंवा ‘भारत के वीर’ यांच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन पैसे भरावेत आणि पावती घ्यावी.

सक्तीचाही प्रश्न असतो. २०१६ मध्ये चित्रपट निर्मात्यांनी लष्कराच्या निधीत पाच कोटी भरावेत अशी मागणी मुंबईत पुढे आली, तेव्हा संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी स्पष्ट केले होते की हा निधी स्वेच्छेचा आहे, कुणाला भाग पाडून घेण्याचा नाही. शाळा-कार्यालयांतही हे लक्षात ठेवायला हवे. मुलांना ध्वजाबरोबर दोन मिनिटे माहिती दिली तर पैसे आपोआप येतात.

खासगी संस्थेला द्यायचे असेल तर ती धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली आहे का, ८० जी प्रमाणपत्र आहे का, मागच्या वर्षीचा हिशेब दाखवते का, हे पाहावे. करसवलत जुन्या कररचनेत मिळते. नव्या कररचनेत ८० जीची वजावट नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे. चांगल्या संस्था ओळखण्याची आणखी एक खूण म्हणजे त्यांचे काम एका घटनेनंतर विझत नाही. कर्नल वसंत वेणुगोपाल २००७ मध्ये उरी भागात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी सुभाषिनी यांनी त्याच वर्षी बेंगळुरूत ‘वसंतरत्न फाउंडेशन’ काढले. ते जवानांच्या विधवांना आणि मुलांना शिक्षणासाठी, मानसिक आधारासाठी वर्षानुवर्षे मदत करते. कंपन्यांनाही इथे वाव आहे. माजी सैनिक, युद्धविधवा आणि त्यांच्या अवलंबितांसाठी केलेला खर्च कंपनी कायद्यानुसार सामाजिक उत्तरदायित्वात धरला जातो.

बाईला फक्त शिलाई मशीन देण्याची सवयही आता सोडायला हवी. सातारा जिल्ह्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात वीरगतीस गेले. पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये लष्करात अधिकारी झाल्या. २०१८ मध्ये मेजर कौस्तुभ राणे गुरेझमध्ये धारातीर्थी पडले. पत्नी कनिका राणे २०२० मध्ये अधिकारी झाल्या. सेवेत मृत्यू पावलेल्यांच्या पदवीधर पत्नींसाठी चेन्नईच्या प्रशिक्षण संस्थेत राखीव जागा असतात, वयाची अट साधारण पस्तीस वर्षांपर्यंत असते, लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा नसते; मुलाखत मंडळाची चाचणी मात्र सगळ्यांसारखीच द्यावी लागते. सगळ्यांनाच सैन्यात जायचे नसते. कुणाला बीएड करायचे असते, कुणाला बँकेची परीक्षा, कुणाला काही महिने नुसते शांत बसायचे असते. तिला काय हवे हे विचारून मगच मदतीचा हात पुढे करावा. आणि मदत मंजूर झाली आहे, अमुक रक्कम आधी भरा किंवा फोनवर आलेला ओटीपी सांगा, असे सांगणाऱ्यांपासून तिला सावध ठेवावे. यांपैकी कुठल्याही योजनेत आधी पैसे भरावे लागत नाहीत.

सेवेत असलेल्या जवानाच्या घराची अडचण बहुतेक वेळा पैशांची नसतेच. बांधाचा वाद असतो, भाऊबंदकी असते, सातबाऱ्यावर कुणीतरी परस्पर नोंद केलेली असते आणि हा राजस्थानात किंवा अरुणाचलात असतो. इथे दोन गोष्टी कामाच्या आहेत. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली. तिच्यानुसार सैनिक कल्याण कार्यालयांमध्ये सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना विनामूल्य कायदेशीर मदत देणारी केंद्रे उभी राहत आहेत. आपल्या जिल्ह्यातले केंद्र सुरू झाले आहे का, हे तिथे किंवा जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारता येते. दुसरी गोष्ट १९२५ च्या भारतीय सैनिक दावे कायद्याची. विशेष परिस्थितीत सेवा बजावत असल्यामुळे न्यायालयात हजर राहू न शकणाऱ्या सैनिकाविरुद्धचे दिवाणी किंवा महसुली प्रकरण त्याच्या गैरहजेरीत पुढे रेटले जाऊ नये, अशी तरतूद त्यात आहे. त्यासाठी कमांडिंग ऑफिसरचे विहित प्रमाणपत्र न्यायालयात सादर करावे लागते. नोटीस घरी आली की ती कपाटात न ठेवता तिचे छायाचित्र त्याच दिवशी जवानाला पाठवावे, म्हणजे तारखेच्या आत प्रमाणपत्र युनिटमधून निघून वकिलाच्या हाती पडते.